उघड्या, रेताड वाडीसाठी सुरू : मृगात लावा, पहिले दोन उन्हाळे जपा

कोकण किनाऱ्यावरच्या ज्या वाड्यांची पश्चिमेची कड समुद्राकडे सताड उघडी आहे, तिथे फेब्रुवारीपासून मे अखेरपर्यंत दुपारचा खारा वारा नारळाच्या कोवळ्या झावळ्यांची टोके करपवतो, आंब्याची लहान फळे झाडतो आणि रेतीत उरलासुरला ओलावाही टिकू देत नाही. अशा कडेला वारा अडवायला सुरूच्या झाडांचा पट्टा उभा करायचा असेल, तर तयारी मृगाआधीच करावी. मृगाच्या सरींनी जमीन हातभर खोल ओली झाली की लागवड सुरू करावी आणि शक्यतो जुलैच्या मध्यापर्यंत संपवावी. उशिरा लावलेल्या रोपाच्या मुळांना खोल जायला पावसाळा पुरत नाही. सुरू पाण्याचा ताण सोसतो हे खरे असले, तरी तो ताण सोसते ते मुळे खाली ओलीपर्यंत पोचलेले झाड. रोप तो सोसत नाही, आणि बहुतेक लागवडी वाया जातात त्या इथेच.

दिसायला सुरू पाईनसारखा असला तरी तो पाईन नव्हे. खऱ्या पाईनपैकी आपल्याकडचा चीड हे हिमालयाच्या उतारांवरचे झाड आहे आणि समुद्राच्या खाऱ्या फवाऱ्यात त्याच्यावर भिस्त ठेवू नये. सुरूची एखादी हिरवी काडी हातात घेऊन ओढून पाहावी. ती सांध्यावर अलगद सुटते आणि त्या सांध्याभोवती ६ ते ८ बारीक दातांचे कडे दिसते. तेवढीच या झाडाची पाने. हिरवी काडी ही प्रत्यक्षात फांदीच असून तिच्या उभ्या खाचांमध्ये श्वासरंध्रे दडलेली असतात, त्यामुळे वाऱ्यात बाष्प कमी उडते. मुळात आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांवरचे हे झाड १८६०च्या दशकात कारवारच्या बाजूला लावले गेले आणि पुढे आपल्या पुळणींवर चांगले रुळले.

निकस रेतीत हे झाड तग धरते त्याचे दुसरे कारण मुळांवरच्या गाठी. फ्रँकिया नावाचे सूक्ष्मजीव या गाठींत राहून हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात. ज्या जमिनीत पूर्वी सुरू कधीच नव्हता तिथे हे सूक्ष्मजीव पुरेसे असतीलच असे नाही, म्हणून जवळच्या जुन्या, निरोगी बनात झाडाखालची वरची माती थोडी उकरून पोवळ्यासारख्या झुबक्यांच्या ताज्या, फिकट तपकिरी गाठी मिळवाव्यात, धुऊन ठेचाव्यात, पाण्यात कालवाव्यात आणि ते पाणी त्याच दिवशी रोपांच्या मुळांशी घालावे. खर्च काहीच नाही आणि उपयोग मोठा, तरीही हे काम हमखास राहून जाते. ज्या बनात झाडे वाळत असतील तिथली माती किंवा गाठी मात्र आणू नयेत, कारण त्यांच्याबरोबर रोगही येतो.

रोपे घेताना उंचीला भुलू नये. दीड फुटाच्या आसपासचे, जाड बुंध्याचे, सावलीबाहेर उन्हावाऱ्याची सवय झालेले रोप हे सावलीत वाढलेल्या कमरेएवढ्या लुकड्या रोपापेक्षा कधीही चांगले. एखादी पिशवी फाडून बघू द्यावी असा आग्रह धरावा आणि तळाशी मुळांची गुंडाळी झालेली असेल तर ती रोपे घेऊ नयेत, कारण गुंडाळलेले मूळ खोल जात नाही आणि पुढे जोराच्या वाऱ्यात तेच झाड आधी कलते.

रेताड जमिनीत खड्डा दीड फूट खोल घ्यावा. रेतीत शेणखत नुसते वरून टाकले तर पावसाच्या पाण्याबरोबर धुपून जाते, म्हणून एक घमेले कुजलेले शेणखत खड्ड्याच्या तळच्या मातीत मिसळावे. दोन ओळी २ ते अडीच मीटर अंतरावर आणि रोपातले अंतर २ मीटर ठेवून दुसऱ्या ओळीतली रोपे पहिलीच्या फटींसमोर येतील अशी मांडणी करावी. पावसात पाणी तुंबून राहणारी जागा टाळावी. नारळाची किंवा आंब्याची पहिली ओळ पट्ट्यापासून निदान ५ मीटर लांब असू द्यावी आणि मधल्या जागेत दोन फूट खोल चर काढून तो दरवर्षी साफ करावा, नाहीतर सुरूची पसरणारी मुळे बागेच्या आळ्यातले पाणी आणि खत खातात.

पट्टा भिंतीसारखा गच्च असावा असा समज आहे, तो सोडून द्यावा. गच्च अडथळ्यावर आपटलेला वारा वरून उडी मारून पलीकडे भोवरे करीत खाली येतो. निम्माअधिक वारा अडवून उरलेला गाळून सोडणारा पट्टा उंचीच्या दहा ते पंधरा पट अंतरापर्यंत आसरा देतो, म्हणजे झाडे १० मीटर झाली की १०० मीटरपर्यंतच्या बागेला तरी त्याचा लाभ मिळतो. सुरूची विरळ फांदी या कामाला मुळातच योग्य आहे. मात्र पट्ट्यात एखादे खिंडार राहिले तर वारा तिथून अधिक जोराने घुसतो, म्हणून मेलेल्या रोपांच्या नांग्या त्याच पावसाळ्यात, उशिरात उशिरा पुढच्या मृगात भराव्यात आणि बैलगाडीची वाट समुद्राच्या दिशेला सरळ न ठेवता तिरकी काढावी.

पाऊस ओसरल्यावर खरी मेहनत सुरू होते. ऑक्टोबरमध्ये, ओल असतानाच, बुंध्याभोवती गवत व पालापाचोळ्याचे चार बोटे जाड आच्छादन करावे. ते खोडाला टेकू देऊ नये आणि वाळवी लागत असेल तर वरचेवर उलथून पाहावे. डिसेंबरपासून आठवड्यातून दोनदा, रोपाला ५ ते ६ लिटर पाणी सावकाश मुरेल असे द्यावे. रोपाशेजारी तळाला भोक पाडलेले मडके पुरून ते भरत राहिल्यास वरची रेती कोरडी राहते आणि ओल मुळांपर्यंत पोचते. विहिरीचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होत असेल तर मोठ्या झाडाला ते चालते, पण पहिल्या वर्षाच्या रोपांसाठी गोडे पाणी राखून ठेवावे. वाऱ्याच्या बाजूला झावळ्यांचा कंबरभर कूड उभारावा. काठीचा आधार सैल बांधावा आणि वर्षाने काढून टाकावा, कारण हलता बुंधाच जाड होतो. दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी दहा दिवसांतून एकदा, पण भरपूर द्यावे. तिसऱ्या वर्षी बहुतेक ठिकाणी पाण्याची गरज उरत नाही.

खालच्या फांद्या तोडू नयेत, हे आवर्जून सांगावेसे वाटते. जळणासाठी किंवा मांडवाच्या वेलींना आधार म्हणून त्या छाटल्या जातात आणि मग वारा वर अडून खोडांमधून जमिनीलगत सुसाटतो, जिथे लहान कलमे आणि भाजीचे वाफे असतात. हे झाड बुंध्यापासून तोडल्यावर सहसा पुन्हा फुटतही नाही. वयाने खालचा भाग उघडा पडू लागला तर आतल्या बाजूला उंडी, करंज आणि निरगुडीची ओळ लावावी. किनाऱ्याची ही आपली झाडे खारा वारा सोसतात, आणि माझ्या मते नुसत्या सुरूपेक्षा असा मिश्र पट्टा केव्हाही टिकाऊ.

पट्टा आपल्या वाडीच्या हद्दीतच असावा, उधाणरेषेजवळच्या मोकळ्या पुळणीवर नको. वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला येतात; त्यांना मोकळी रेती लागते आणि सुरूची मुळे व झडलेल्या काड्यांचा थर त्यात आड येतो. चक्रीवादळापासूनही या पट्ट्याकडून पूर्ण संरक्षणाची अपेक्षा करू नये. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळात रायगड व उत्तर रत्नागिरीच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांबरोबर सुरूची बनेही आडवी झाली होती. घरापासून आणि विजेच्या तारांपासून झाडाच्या पूर्ण उंचीएवढे अंतर सोडावे. झडलेल्या काड्यांचा थर उन्हाळ्यात पेट घेतो, म्हणून फेब्रुवारीत तो गोळा करून नारळाच्या आळ्यात घालावा आणि पट्ट्याच्या बाहेरून चार हात रुंद जागा साफ ठेवावी.

सप्टेंबरनंतर महिन्यातून एकदा खोडांच्या बेचक्या पाहाव्यात. सालीवर भुशाची आणि विष्ठेची जाळी दिसली तर ती साल खाणाऱ्या अळीची खूण आहे; जाळी खरवडून, छिद्रात तार घालून अळी मारावी आणि पेट्रोलात भिजवलेला कापसाचा बोळा आत सारून तोंड चिखलाने बंद करावे. साल फुगून फुटली आणि आत काळी भुकटी निघाली तर तो बुरशीचा रोग असून झाड वाचत नाही. ते मुळासकट काढून तिथल्या तिथे जाळावे आणि त्या खड्ड्यात पुन्हा सुरू न लावता उंडी लावावी.