काउबॉय योडल शिकताना गळ्यातला सांधा लपवू नका

माझ्याकडे योडल, म्हणजे दोन आवाजांत झटक्यात पलट्या मारत गायचा प्रकार, शिकायला येणारे बहुतेक जण आधी शास्त्रीय गाणं शिकलेले असतात आणि नेमकं तिथेच गाडं अडतं. छातीच्या भरदार आवाजातून चोरट्या आवाजात (वरच्या, पातळ आवाजात, म्हणजे फॉल्सेटोत) जाताना मधला सांधा ऐकू येऊ नये म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं रियाज केलेला असतो. योडलमध्ये तोच सांधा खणखणीत वाजला पाहिजे. किशोरकुमारांचं योडल आठवा, म्हणजे कान लगेच तयार होतो.

पेटीवर आपली नेहमीची पट्टी धरा. मध्य पंचमावर (मधल्या सप्तकातल्या 'प'वर) छातीतून भरदार 'यो' लावा आणि मींड न घेता, म्हणजे स्वर घसरत न नेता, थेट तार गंधारावर (वरच्या सप्तकातल्या 'ग'वर) चोरट्या आवाजात 'ई' म्हणा. वरचा स्वर हलकाच असू द्या, तिथे जोर लावला की आवाज फाटतो. खाली 'ओ' किंवा 'आ', वर 'ई' किंवा 'ऊ', हे सूत्र सोडू नका. गळा आपोआप पलटतो. मध्ये 'ह' शिरला तर हवा निसटते आणि आवाज तुटतानाचा तो 'टक्' नाहीसा होतो, आणि सगळी गंमत त्या 'टक्'मध्येच आहे! हे बसलं की 'यो-डल-ई-ओ': पंचमावर दोन अक्षरं, गंधारावर 'ई', परत पंचमावर 'ओ'. दिवसाला दहा मिनिटं पुरे. घसा खवखवला की त्या दिवशी बंद.

ऐकायला सुरुवात जिमी रॉजर्सपासून करा. मिसिसिपीतल्या मेरिडियनचा हा गायक आधी रेल्वेत ब्रेकमन (गाडीचे ब्रेक सांभाळणारा) होता. त्याचं पहिलं 'ब्लू योडल' 1927 मध्ये ध्वनिमुद्रित झालं. जीन ऑट्री सुरुवातीला त्याच्याच ढंगात गायचा आणि 1935 पासून घोड्यावर बसून गाणारा नायक म्हणून पडद्यावर गाजला. पॅट्सी मोंटानाचं योडल मला सगळ्यांत लाडकं, पण ते फार चपळ आहे. तिच्या मागे नंतर लागा.

गिटारवर जी, सी, डी एवढे तीन कॉर्ड बास. ठेका 'बूम-चक, बूम-चक' असा: 'बूम'ला एकच जाड तार, 'चक'ला बाकीच्या तारांवर हलका हात. जी धरलात तर एकदा सहावी तार, पुढच्या वेळी चौथी. लय घोड्याच्या चालीची ठेवा. गुरं राखणाऱ्या काउबॉयांपैकी दोन स्वार रात्रीच्या पहाऱ्यावर कळपाभोवती उलटसुलट दिशांनी फेऱ्या घालत आणि गुरं बिचकू नयेत म्हणून संथ गात. त्या वळणाचं गाणं पळवलंत तर त्याचा जीवच जातो.

शब्दांच्या मध्ये योडल घुसडू नका. रॉजर्ससारखं कडवं संपू द्या, जी कॉर्ड चालू ठेवा, मग योडल घ्या. सोबतीला आणखी दोन गळे मिळाले तर 'सन्स ऑफ द पायोनियर्स' हा गायकांचा संच ऐका. तिघांनी एकाच क्षणी आवाज पलटायचा, हा त्यापुढचा रियाज.