शाळेसाठी छोटे लॅपटॉप निवडताना

माजी विद्यार्थ्यांची देणगी जमते, शाळा व्यवस्थापन समिती ठराव करते आणि तीन विक्रेत्यांची दरपत्रके मुख्याध्यापकांच्या टेबलावर येऊन पडतात. खरेदी बहुधा याच टप्प्यावर चुकते. दरपत्रकात प्रोसेसरचे नाव आणि रॅमचा आकडा ठळक असतो. ज्या खोलीत ही यंत्रे राहणार आहेत त्या खोलीत प्लग किती आहेत, हे मात्र त्यात कोणीच लिहीत नाही, आणि आपणही विचारत नाही. म्हणून पहिले काम शाळेतच करावे व दुकानात नंतर जावे.

वर्गात बसून हिशेब मांडावा. छोट्या लॅपटॉपचा चार्जर साधारण ४५ वॉटचा असतो, म्हणजे ३० यंत्रे एकाच वेळी चार्जिंगला लावली तर भार १३५० वॉटपर्यंत जाऊ शकतो; ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटची मर्यादा २३० व्होल्टला १३८० वॉट आहे. एका सॉकेटला एक्स्टेन्शन बोर्ड, त्याला दुसरा बोर्ड अशी माळ लावून हा भार ओढणे धोक्याचे आहे. वायरमनला बोलावून दोन स्वतंत्र लाइन घ्याव्यात, किंवा यंत्रे दहा-दहाच्या गटाने चार्ज करावीत. ४२ वॉट-तासांची बॅटरी ७ वॉटच्या वापराने कागदावर सहा तास चालते, आणि ३५ मिनिटांच्या चार तासिका मिळून होतात दोन तास वीस मिनिटे. तेव्हा बॅटरी जुनी होऊन तिची क्षमता बरीच घटली तरी सकाळी भरलेले यंत्र दिवसभराच्या तासिका निभावून नेते. चार्जिंग यूएसबी-सी प्रकारचे असेल तर उत्तम, कारण एखादा चार्जर बिघडला तरी तालुक्याच्या बाजारात दुसरा सहज मिळतो.

छोटा लॅपटॉप मुलांच्या हाती देण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात या गावातील शाळेत २००७ साली ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या प्रकल्पाची यंत्रे आली होती. साडेसात इंचांचा, उन्हातही वाचता येणारा पडदा आणि धूळ-पाणी आत जाऊ न देणारा रबरी कीबोर्ड ही त्या यंत्राची वैशिष्ट्ये होती. त्याचा वेग आज हास्यास्पद वाटेल, पण मूल यंत्र कुठे आणि कसे वापरते याचा विचार त्यामागे होता, आणि आजच्या कित्येक चकचकीत यंत्रांत नेमका तोच सापडत नाही.

पडदा ११.६ इंचांचा असला तरी शाळेला पुरतो. आकारापेक्षा तो बाजूने कसा दिसतो हे महत्त्वाचे, कारण आपल्याकडे एका यंत्रासमोर दोन, प्रसंगी तीन मुले बसतात. स्वस्त पडद्यावर मधल्या मुलाला चित्र नीट दिसते आणि कडेच्याला रंग उलटेपालटे झालेले दिसतात. आयपीएस प्रकारच्या पडद्यात हा त्रास फारसा होत नाही. पडदा चमकदार नसावा. खिडकीकडे पाठ करून बसलेल्या मुलाला त्यात धड्याऐवजी स्वतःचाच चेहरा दिसतो.

कीबोर्डची परीक्षा मराठीतच घ्यावी. इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांसाठीची प्रमाणित कळ-मांडणी सुरू करून ‘दऱ्या’ हा शब्द लिहून पाहावा : आधी द, मग शिफ्ट धरून इंग्रजी जे च्या कळीवरचा ऱ, त्यानंतर डी च्या कळीवरचे हलन्त, मग य आणि काना. शब्द पडद्यावर ‘दर्या’ असा उमटला तर शिफ्टची कळ नीट दबली नाही असे समजावे. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र व्हायला तेवढे पुरते. छोट्या यंत्रांत जागा वाचवण्यासाठी उजवीकडची शिफ्ट कधी कधी अगदी आखूड केलेली असते आणि मराठी लिहिताना तिची गरज वारंवार पडते. ही चाचणी शिक्षकाने करू नये, सातवीतल्या मुलीला करायला सांगावी.

साठवणुकीच्या बाबतीत मात्र तडजोड करू नये. आमच्या शाळेला एकदा ३२ जीबी ईएमएमसी (स्वस्त यंत्रांत असते ती साठवणुकीची चिप) असलेली आठ विंडोज यंत्रे देणगीदाखल मिळाली. वर्षभरात प्रत्येक अपडेटला ‘जागा अपुरी’ असा संदेश येऊ लागला. ईएमएमसी मदरबोर्डलाच जोडलेली असल्याने ती बदलताही येईना, आणि अखेर आठही यंत्रे कपाटात गेली. विंडोज ११ ला किमान ६४ जीबी साठवण आणि ४ जीबी रॅम लागते, पण तेवढ्यावर यंत्र रडतखडतच चालते. ८ जीबी रॅम आणि बदलता येण्याजोगी १२८ किंवा २५६ जीबीची एसएसडी (वेगवान साठवण) मागावी.

यंत्र चालवणारी प्रणाली कोणती घ्यावी, हे शाळेतल्या इंटरनेटवर अवलंबून आहे. जोडणी भरवशाची असेल तर क्रोमबुक, म्हणजे गूगलच्या प्रणालीवर चालणारा लॅपटॉप, सांभाळायला सोपे असते. २०२१ पासून बाजारात आलेल्या क्रोमबुक प्रकारांना गूगल दहा वर्षे अपडेट देते, पण ही दहा वर्षे आपल्या खरेदीपासून मोजली जात नाहीत, तो प्रकार बाजारात आला तेव्हापासून मोजली जातात. म्हणून मुदतीची तारीख आधी पाहावी. नेट येत-जात असेल तर विंडोज किंवा लिनक्स ही मोफत मिळणारी प्रणाली बरी. केरळच्या सरकारी शाळांत लिनक्स वर्षानुवर्षे वापरात आहे, त्यामुळे ते मुलांना झेपणार नाही ही भीती बाळगण्याचे कारण नाही. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. कंपन्यांनी काढलेली जुनी यंत्रे स्वस्तात मिळत असतील तर इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा आहे ना, हे पाहावे. त्याआधीच्या यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही.

वॉरंटीचा कागद दरपत्रकाइतकाच बारकाईने वाचावा. यंत्राला तीन वर्षे आणि बॅटरीला एकच वर्ष, अशी विभागणी त्यात असू शकते. दुरुस्तीसाठी माणूस शाळेत येणार की यंत्र घेऊन आपणच जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे, हे लेखी घ्यावे. बदली कीबोर्ड आणि बॅटरी यांची किंमतही आत्ताच विचारावी. विक्रेता उत्तर टाळू लागला तर ते यंत्र यादीतून काढावे.

यादीत दोन प्रकार उरले की प्रत्येकाचे एकेक यंत्र आठवडाभर वर्गात वापरायला मागावे. कॉलर धरून उचलावे तसे यंत्राला पडद्याला धरून उचलणारा एक तरी मुलगा प्रत्येक वर्गात असतो. बिजागरीचा खरा कस त्याच्याच हातात लागतो. पूर्ण रक्कम देण्यापूर्वी आलेले प्रत्येक यंत्र सुरू करून अनुक्रमांक डेडस्टॉक रजिस्टरला चढवावा आणि तोच क्रमांक यंत्रावर व चार्जरवरही चिकटवावा.

मे महिन्याच्या सुटीत यंत्रे कपाटात ठेवताना बॅटरी पूर्ण भरलेली नसावी आणि रिकामीही नसावी. निम्म्यावर असताना यंत्र पूर्ण बंद करावे. पत्र्याखालच्या खोलीतले कपाट त्यासाठी वापरू नये, आणि सुटीच्या मध्यावर शिपाईमामांना सांगून चार्ज एकदा तपासून घ्यावा.