एजंटकडे भरपाई मागायला जाण्याआधी

भाडेकरू गेल्यावर फ्लॅट उघडलात, भिंत फुगलेली दिसली, की एजंटला लगेच फोन लावू नका. मी लावला होता. "बघतो ना साहेब, टेन्शन नका घेऊ," असं तो म्हणाला, माझा राग दहा मिनिटांत ओसरला आणि हातात काहीच उरलं नाही. त्याऐवजी सगळे दिवे लावा आणि मोबाइलवर एक सलग व्हिडिओ काढा. बाहेरच्या दारावरच्या नंबरपासून सुरुवात करा, मग एकेक खोली घ्या. नळ सोडा, फ्लश ओढा, किचनच्या ट्रॉल्या ओढून बघा, गिझर चालू करा. जाता जाता महावितरणच्या मीटरचं रीडिंगही त्यातच येऊ द्या. सुट्या फोटोंवर 'हा दुसऱ्याच घराचा असेल' म्हणता येतं, सलग व्हिडिओवर तसं म्हणणं जड जातं.

मग शांतपणे बसून एका प्रश्नाचं उत्तर शोधा: हा माणूस तुमचा नेमका कोण होता? आपण सगळ्यांनाच एजंट म्हणतो, पण त्यात दोन जाती आहेत. एकाने गिऱ्हाईक आणून दिलं, एक महिन्याचं भाडं ब्रोकरेज घेतलं, लिव्ह अँड लायसन्सचा करार ऑनलाइन नोंदवून अंगठे घेतले आणि विषय संपला. पुढे अठरा महिन्यांनी ओटा फुटला तर त्याच्याकडे बोट दाखवण्यात फारसा अर्थ नाही. दुसरा मात्र दर महिन्याला काही रक्कम घेतो, किल्ली स्वतःकडे ठेवतो, भाडेकरूच्या तक्रारी ऐकतो, प्लंबर पाठवतो, शेवटी ताबाही तोच घेतो. भरपाईचं जे काही बोलायचं ते या दुसऱ्याशी. मी नाशिकला राहतो, फ्लॅट पुण्याजवळ वाकडला आहे. माझा एजंट पहिल्या जातीचा म्हणून आला आणि दर महिन्याला हजार रुपये घेत हळूहळू दुसऱ्या जातीचा झाला. कागद कधीच झाला नाही. तुमचंही असंच असेल तर ते हजार रुपये कुठल्या खात्यातून, कोणत्या तारखांना गेले ते बँकेच्या स्टेटमेंटवर खुणा करून काढा. करार नसला तरी काम सोपवल्याचा आणि त्याचे पैसे दिल्याचा तो पुरावा आहे.

कायद्याचा आधार त्या मानाने जुना आणि सरळ आहे. भारतीय करार कायदा, 1872. कलम 211 म्हणतं, एजंटने मालकाच्या सूचनेप्रमाणे वागावं. सूचना मोडून नुकसान झालं तर ते त्याने भरून द्यावं. कलम 212 म्हणतं, त्याने वाजवी काळजीने काम करावं आणि त्याच्या हलगर्जीपणाच्या थेट परिणामांची भरपाई द्यावी. लांबच्या, आडवळणाच्या नुकसानीची मात्र नाही. त्यातल्या 'थेट' या शब्दाखाली मी पेन्सिलीने दोनदा रेघ मारली, कारण पुढची सगळी तयारी त्याच शब्दाची आहे. त्याने स्वतःच्या जागी एखाद्या पोऱ्याला किल्ली देऊन पाठवलं आणि त्याने काही करून ठेवलं, तर कलम 192 प्रमाणे तुम्हाला उत्तर द्यायचं ते एजंटनेच.

आता नुकसानीच्या तीन याद्या करा, वेगवेगळ्या कागदांवर. पहिल्या कागदावर झीज. तीन वर्षांत रंग मळतो, बिजागऱ्या करकरतात, पलंगामागच्या भिंतीवर डोक्याच्या तेलाचे डाग पडतात. याचे पैसे कुणीच देत नाही आणि मागूही नयेत. मागितलेत की बाकीच्या खऱ्या मागणीचीही किंमत जाते. दुसऱ्या कागदावर भाडेकरूने केलेलं: फुटलेलं बेसिन, दारावरचे कुत्र्याचे ओरखडे, एसीसाठी न विचारता पाडलेलं भोक. हे डिपॉझिटमधून वळतं व्हायला हवं होतं. तिसऱ्या कागदावर फक्त एजंटचं, म्हणजे त्याने काही केलं म्हणून किंवा करायचं ते केलं नाही म्हणून जे वाढलं तेवढंच.

ही वाटणी करताना मला दोन दिवस लागले. बाथरूमच्या भिंतीआडचा पाइप गळत होता, त्यामुळे बेडरूमची भिंत फुगली, तिला पोपडे आले, आणि पलीकडे किचनच्या ट्रॉलीखालचा प्लाय भिजून पावासारखा फुलला. पाइप गळणं हा ना भाडेकरूचा दोष, ना एजंटचा. पाइप माझा, पंधरा वर्षांचा. पण भाडेकरू मुलगी भली होती. तिने जुलैत एजंटला व्हॉट्सअ‍ॅपवर भिंतीचा ओला डाग फोटोसकट पाठवला होता, ऑगस्टमध्ये पुन्हा विचारलं होतं. मला कळलं ऑक्टोबरच्या शेवटी, तेही ती घर सोडून गेल्यावर. तेव्हा पाइप बदलायचा खर्च पहिल्या कागदावर गेला आणि त्या तीन महिन्यांत वाढलेली ओल तिसऱ्यावर. जुलैत भिंतीचा डाग ताटाएवढा होता, ऑक्टोबरमध्ये छतापासून स्कर्टिंगपर्यंत. हे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले की एजंटच्या वाट्याचं काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

म्हणून जुन्या भाडेकरूशी भांडू नका, निदान आधी तरी नाही. त्याचा एजंटशी झालेला संवाद तुमचा सगळ्यात मोठा पुरावा असू शकतो आणि तो त्याच्याच फोनमध्ये आहे. चॅट एक्स्पोर्ट करून ईमेलवर पाठवायला सांगा. स्क्रीनशॉटवर भागवू नका आणि त्याचा फोन बदलायचा विचार असेल तर त्याला थोडं थांबायला सांगा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचा मसुदा वकील करून देतो, सही फोन ज्याच्या ताब्यात आहे त्याची आणि तज्ज्ञाची लागते, पण फाइल मुळातली हवी.

डिपॉझिटचा हिशोब स्वतंत्र तपासा. पैसे कुणाच्या खात्यात होते, कुणी परत केले, कोणत्या दिवशी, आणि त्या दिवसाआधी घर कुणी पाहिलं होतं का? माझ्या एजंटने मला न विचारता 'घर ओके आहे' म्हणून पूर्ण रक्कम परत करवली होती. 'मी येऊन बघेपर्यंत डिपॉझिट सोडू नका' असा माझा मेसेज त्याच्या फोनमध्ये निळ्या टिकांसह पडलेला होता. कलम 211 साठी याहून वेगळा कागद लागत नाही. तुमचा असा मेसेज असेल तर शोधून काढा. नसेल तर दुसऱ्या यादीतल्या वस्तू एजंटच्या गळ्यात घालताना जरा जपून.

करारही पुन्हा वाचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे तो लेखी आणि नोंदवलेला असण्याची जबाबदारी मालकाची, एजंटची नव्हे. नोंदवलेला नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं. त्यातली फिटिंगची यादी बघा. 'पंखे 4, ट्यूब 5, गिझर 1' एवढंच लिहिलेलं असतं बहुतेक वेळा, अवस्थेबद्दल अक्षरही नाही. ट्रॉल्यांचा तर उल्लेखच नव्हता माझ्याकडे. ट्रॉल्या बसवल्याचं सुताराचं जुनं बिल सापडलं म्हणून निभावलं. सोसायटीच्या ऑफिसातून गेटवरच्या नोंदी मागा. एजंट किती वेळा आला, प्लंबर कधी आला, सामान कोणत्या दिवशी हललं, हे तिथे मिळतं. सेक्रेटरी लगेच देईल असं नाही, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

पाणी गळत असेल तर दावा होईपर्यंत ते तसंच ठेवायचं नाही. करार कायद्याच्या कलम 73 च्या स्पष्टीकरणाप्रमाणे नुकसान आटोक्यात आणायचे जे मार्ग तुमच्यापाशी होते, तेही भरपाई ठरवताना विचारात घेतात. फोटो काढा, मग दुरुस्ती करा, काढलेला पाइपचा तुकडा आणि फुगलेल्या प्लायचा कोपरा पिशवीत घालून माळ्यावर ठेवा. अंदाजपत्रकं दोन वेगवेगळ्या माणसांकडून घ्या आणि त्यांना कामं सुटी लिहायला सांगा: प्लास्टर वेगळं, वॉटरप्रूफिंग वेगळं, सुतारकाम वेगळं. 'रूम दुरुस्ती, लमसम' असा कागद आपल्या तीन याद्यांना जुळत नाही. जुन्या ट्रॉलीच्या जागी नव्याकोऱ्या मॉड्युलर किचनची किंमत लावायचा मोह होईल. आठ वर्षं वापरलेल्या वस्तूची उरलेली किंमत तेवढी मागा.

हे सगळं एका फाइलीत लागलं की मग पत्र. वकिलाची नोटीस नंतर. आधी स्वतःचं दोन पानी पत्र, तारखांनिशी, शेवटी रक्कम आणि पंधरा दिवसांची मुदत. रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा स्पीड पोस्टाने पोचपावतीसह धाडा आणि तेच ईमेलवरही. भाषा कोरडी ठेवा. 'तुम्ही फसवलंत' लिहिलं की तो फसवण्यावरच भांडत बसतो आणि ओलीचा विषय राहून जातो.

नाहीच दाद दिली तर महारेराकडे, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, धावून उपयोग नाही, तिथली एजंटची व्याख्या प्रकल्पातल्या विक्रीच्या व्यवहारापुरती आहे, भाड्याची नाही. सेवेतल्या त्रुटीसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. एजंटला मोजलेली फी पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, आणि 2019 च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथेही तक्रार करता येते, म्हणजे वाकडच्या फ्लॅटसाठी मला नाशिकमध्येच जाता आलं असतं. 'भाड्याने देणं हा तुमचा धंदा, तुम्ही ग्राहक कसले' असा बचाव समोरून येऊ शकतो; एकच फ्लॅट असेल तर ते कागदोपत्री दाखवायची तयारी ठेवा. दिवाणी दाव्याची वाट तीन वर्षं उघडी असते, पण पन्नास-साठ हजारांसाठी त्या वाटेला लागण्याआधी वकिलाच्या फीचा हिशोब करून बघा.

माझं प्रकरण पत्रावरच मिटलं. ट्रॉल्यांची उरलेली किंमत आणि प्लास्टरचा निम्मा खर्च त्याने दिला. रंगाला नाही म्हणाला, आणि रंग मी मागायलाच नको होता. पैसे मिळाल्याच्या पावतीवर सही करताना लक्षात आलं की घराची दुसरी किल्ली अजून त्याच्याच ड्रॉवरमध्ये आहे. ती मागून घेतली, आणि तरीही दुसऱ्या दिवशी कुलपाचा सिलिंडर बदलून टाकला.