कोल्हापुरातून कोकण किनाऱ्यावर दुर्मिळ पक्षी बघायला जायचं तर असं जा

दिवाळी झाली की ओळखीचे चार-पाच जण तरी विचारतात, कोकणात निघालोय, तिकडं वेगळे पक्षी दिसतात म्हणे, नक्की कुठं बघायचे? मी प्रत्येकाला आधी विचारतो की कुठल्या तिथीला जाणार. समुद्रावर पक्षी बघायचे तर तारखेपेक्षा तिथी महत्त्वाची, आणि आपल्या घाटावरच्या माणसाच्या हे पटकन ध्यानात येत नाही कारण रंकाळ्याला भरती-ओहोटी नसते.

आधी तिथी धरा, मग रूम बुक करा

ओहोटीला किनारा एवढा लांबवर उघडा पडतो की पक्षी पार पाण्याच्या कडेला ठिपक्यासारखे दिसतात. भरती चढायला लागली की तेच पक्षी पाण्याबरोबर मागं सरकत सरकत तुमच्याकडं येतात. त्यामुळं पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास म्हणजे सोनं. कोकणातली जुनी माणसं भरतीचा हिशोब तोंडी करतात, तिथीची पाऊणपट केली की साधारण तेवढ्या वाजता भरती. द्वादशीला बाराची पाऊणपट म्हणजे नऊ वाजता, चतुर्दशीला साडेदहा, पक्ष शुद्ध असो नाहीतर वद्य. हा ढोबळ हिशोब आहे, मिनिटासकट वेळ पाहिजे तर त्या गावाचं टाइड टेबल मोबाईलवर बघून घ्या.

आता दुसरी गोष्ट उजेडाची. आपला किनारा पश्चिमेला, म्हणजे सकाळी समुद्राकडं तोंड केलं की सूर्य तुमच्या पाठीमागं असतो आणि पक्ष्याचा रंग, चोच, पाय सगळं स्वच्छ दिसतं, संध्याकाळी मात्र उजेड डोळ्यावर येतो आणि सगळे पक्षी काळेच दिसतात, सनसेटचे फोटो चांगले येतात पण ओळख पटत नाही. दोन्ही जुळवायचं तर द्वादशी ते चतुर्दशी बेस्ट, कारण उजाडताना पाणी चढत असतं आणि नऊ-दहाला भरती पूर्ण होते.

कोल्हापूरहून रत्नागिरी मलकापूर-आंबा घाट मार्गे साधारण १३० किलोमीटर आहे, पण पहाटे निघून सात वाजता बीचवर उभं राहायचं या भानगडीत पडू नका, घाटात धुकं असतं. आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करा. मालवणकडं जायचं तर गगनबावड्यावरून नाहीतर राधानगरी-फोंडा घाटानं उतरायचं.

जायच्या आधी घरच्या तळ्यावर सराव

हे लोक टाळतात आणि तिथंच फसतात. दुर्मिळ पक्षी ओळखायचा म्हणजे आधी साधा पक्षी इतका पाठ पाहिजे की त्यातला वेगळा लगेच डोळ्यात खुपला पाहिजे. हिवाळ्यात रंकाळ्याच्या नाहीतर कळंब्याच्या काठावर सकाळी तासभर बसा, धोबी पक्षी दिसेल, शेपटीकडचा भाग सारखा खालीवर हलवणारा तुतवार दिसेल. त्याची चाल, उडताना पंख कसे ताठ ठेवतो ते बघत बसा. दुर्बीण ८ बाय ४२ची पुरे, फार मोठी घेतली की हात हलतो.

किनाऱ्यावर नक्की काय बघायचं

रत्नागिरीजवळ भाट्याच्या बीचवर नाहीतर मालवणजवळ देवबागला कार्ली नदीच्या मुखाशी गेलात की लाटेच्या कडेनं पळणारी बारकी पांढुरकी पाखरं दिसतील, लाट आली की पुढं, गेली की मागं, अगदी चावी दिलेल्या खेळण्यासारखी. ते सँडरलिंग, थेट आर्क्टिकमधनं आलेले, आणि जवळनं पाय बघितले तर मागचं बोट नाहीच. मूठभर जीव एवढ्या लांबनं येऊन आपल्या कोकणात हिवाळा काढतो, मला तरी हे दरवर्षी नव्यानं खरं वाटत नाही.

कुरव म्हणजे सीगल साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत असतात. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बोटी लागल्या की त्यांचा थवा डोक्यावर फिरतो आणि तिथंच शिकायला सगळ्यात सोपं जातं. यात दोन जाती नेहमी गोंधळात टाकतात, तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा, कारण हिवाळ्यात दोघांचंही डोकं पांढरंच असतं, फक्त कानामागं एक काळा ठिपका राहतो. मग डोळा बघायचा. पूर्ण वाढलेल्या तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळा फिकट, काळ्या डोक्याच्याचा गडद. उडताना अजून सोपं, पंखाच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके असले की तपकिरी डोक्याचा, आणि पंखाच्या पुढच्या कडेला पांढरी पाचर असली की काळ्या डोक्याचा. मी एकदा या डोळ्याच्या भानगडीत पाऊण तास एकाच पक्ष्यावर दुर्बीण लावून उभा होतो, बाजूला जाळं साफ करणारे एक काका म्हणाले, अहो एवढं काय बघताय, मी दुर्बीण त्यांच्या हातात दिली, आणि मग त्यांनी ती बराच वेळ परत दिलीच नाही.

ही दोन पक्की झाली की थव्यात एखादा दुपटीनं मोठा, पिवळ्या चोचीवर टोकाकडं काळा-लाल पट्टा असलेला दिसला तर लगेच कळतं, तो पलास गल. काळापांढरा, जाड चोचीचा, लांब पायांचा क्रॅब प्लोव्हर कच्छच्या आखातात थव्यानं असतो पण आपल्याकडं दिसला तर नशीब, फोटो काढाच.

थव्याला पळवून उडतानाचे फोटो काढू नका. भरतीला हे पक्षी दोन-तीन तासच विसावतात, त्यात त्यांना पाच वेळा उडवलं तर परतीच्या प्रवासाची ताकद जाते. कुरवांना फरसाण टाकणंही बंद करा, आपल्या हौसेपायी त्यांचं पोट बिघडतं.

पावसाळा विसरू नका

सगळे हिवाळ्यातच जातात. पण मे संपताना आफ्रिकेकडनं चातक यायला लागतात, आणि जूनमध्ये कोकणातल्या ओढ्याकाठी तिबोटी खंड्या घरटं करतो, मातीच्या दरडीत आडवं बीळ करून. पायाला तीनच बोटं म्हणून तिबोटी, आणि रंग असा की बघताना श्वास रोखला जातो. पण घरट्यासमोर दहा कॅमेरे लावून बसणं मला अजिबात मान्य नाही, पिल्लांना खाऊ घालायला आलेला पक्षी परत फिरतो. दिसला, बघितला, पाच मिनिटांत निघायचं. वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या खडकाळ बेटांवर सुरय (टर्न) आणि पाकोळ्या वीण करतात, तिथं उतरायचं नाहीच.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ कोकणाला घासून गेलं, तसं काही झालं की एरवी खोल समुद्रात राहणारे पक्षी, बूबी, फ्रिगेटबर्ड, नॉडी, किनाऱ्यावर नाहीतर आत गावातसुद्धा फेकले जातात. वादळ पूर्ण ओसरल्यावर, समुद्र शांत झाल्यावरच बघायला जा, लाटा असताना खडकावर उभं राहू नका.

दिसलं ते नोंदवा

पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या ईबर्ड अ‍ॅपवर लिस्ट टाका, वेळ, जागा, किती पक्षी, सगळं. तुमच्या नोंदीला दुर्मिळ म्हणून अ‍ॅपची खूण लागली तर तपासणारे विचारतात, राग मानू नका, तिथंच बसून लिहिलेलं वर्णन आणि खराब का असेना पण फोटो जोडा. एकच साधा तुतवार दिसला तरी नोंद करा, पुढं तो कमी झाला तर त्याच नोंदीवरनं कळणार.

आणि वादळानंतर वाळूत थकून बसलेला पक्षी सापडला तर त्याला उचलून परत पाण्यात टाकू नका, बहुतेक जण हेच करतात आणि तो बुडतो. अंगावर टॉवेल टाकून चोच सांभाळून उचला, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा, तोंडात पाणी किंवा मासा कोंबू नका, आणि वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा.