पेस्टिंगआधी पाण्याचा ड्रम भरून ठेवा

सप्टेंबरअखेरपासून नाशिक, सांगली, सोलापूरच्या द्राक्षपट्ट्यात छाटणी सुरू होते आणि छाटणीमागोमाग पेस्टिंग. काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइड हे रसायन लावायचं, हेच पेस्टिंग. औषध काम चोख करतं, पण कातडीवर पडलं तर तिथेही करतं.

मांडवाखाली उभं राहून एकदा बघा. बाईचे हात डोक्याच्या वर. फडकं मगात बुडवून काडीवर फिरवलं की लाल द्रावण मनगटावरून ओघळत कोपरापर्यंत येतं, कधी थेट काखेत. हातमोजा असला तरी त्याच्या तोंडातून आत शिरतं आणि रबराच्या आत घामाबरोबर दिवसभर मुरतं. असा मोजा हात वाचवत नाही, भाजून काढतो. म्हणून मोज्याचं तोंड दोन बोटं बाहेर दुमडा, ओघळ त्या घडीत अडकतो. घडी मधूनमधून रिकामी करा. पातळ डॉक्टरी मोजे काडीच्या टोकाला टिकत नाहीत. जाड नायट्राइल किंवा रबराचे आणा आणि रोज सकाळी पाणी भरून भोक आहे का बघा. डोळ्यांना गॉगल लागतोच, कारण मान वर असते.

या औषधाची खोड अशी की आग लगेच होईलच असं नाही. संध्याकाळी भाकरी थापताना बोटं चुरचुरतात, सकाळी फोड आलेले असतात. म्हणून दुखेपर्यंत थांबायचं नाही. अंगावर पडल्याक्षणी भिजलेले कपडे, बांगड्या, अंगठी काढा आणि वाहत्या स्वच्छ पाण्याखाली किमान 20 मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण अंदाजाने धुणारा माणूस दोन मिनिटांत आवरतो. पेस्टचा ड्रम शेतात जातो त्याच ट्रॅक्टरवर साध्या पाण्याचा ड्रम, मग आणि साबण गेला पाहिजे. विहीर बांधापलीकडे आहे, हे उत्तर चालणार नाही.

हळद, टूथपेस्ट, तूप, शाई यातलं काही लावू नका. आम्लावर चुना किंवा चुन्यावर लिंबू हा उपाय तर मुळीच नको. दोन्ही एकत्र आले की उष्णता निघते आणि भाजलेलं आणखी भाजतं.

चुन्याचा विषय निघालाच आहे. बोर्डोसाठी, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशक फवाऱ्यासाठी, कळीचा चुना भिजवताना तो उकळतो आणि शिंतोडे उडतात. तोंड बादलीवर धरू नका. कोरडा चुना अंगावर सांडला तर आधी झटका, मग भरपूर पाण्याने धुवा. अल्कली असल्यामुळे तो कातडीत खोल उतरत राहतो, म्हणून वरून साधा दिसणारा डागही दाखवून घ्या. डोळ्यात गेला तर पापण्या उघड्या धरून पाणी सोडत राहा, दवाखान्याच्या वाटेवरही. पापणी उलटून आत अडकलेले कण काढणं डॉक्टरचं काम.

ठिबकच्या नळ्या साफ करायला आम्ल सोडताना पाण्यात आम्ल ओता, आम्लात पाणी कधीच नको.

चेहरा, डोळे, हातपाय, सांधे किंवा जननेंद्रिय भाजलं असेल, फोड मोठे असतील, कातडी पांढरी किंवा काळी पडून बधिर झाली असेल तर घरी थांबू नका. 108 बोलवा, पण गाडी येईपर्यंत धुणं चालू ठेवा. बाटली किंवा निदान लेबल सोबत न्या. दवाखान्यात पुन्हा धुऊन मेलेली कातडी काढतात, मलमपट्टी करतात, धनुर्वाताचं इंजेक्शन देतात. जखम खोल असेल तर कातडीरोपण लागू शकतं. फोड स्वतः फोडू नका. औषध पोटात गेलं असेल तर उलटी काढू नका.

आता एक गोष्ट, जी बायकांना नाही तर बाप्यांना सांगायची. पेस्टिंग झाल्यावर संध्याकाळी दारू पाजून मजुरांना 'खुश' करायची रीत काही बागांवर आहे. हायड्रोजन सायनामाइड शरीरात दारू पचवणारी एक पायरी बंद करतं. अंगात थोडंही गेलं असेल आणि वर दारू घेतली तर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब खाली येतो, श्वास अडतो. लोक म्हणतात, दारू चढली. तसं समजून झोपवू नका, थेट दवाखाना गाठा आणि डॉक्टरला पेस्टिंगचं नाव घेऊन सांगा. आदल्या दिवसापासून पुढे आठवडाभर दारू बंद. खोकल्याची काही औषधं आणि आसव-अरिष्टांतही अल्कोहोल असतं, तेही त्या दिवसांत नको.