जाम झालेला चाकाचा नट कसा सोडवावा

चाकाचा नट सुटत नाही म्हटलं की आजूबाजूचा प्रत्येक जण एकच सल्ला देतो: पान्यावर उभे राहा आणि उडी मारा. हा सल्ला ऐकू नका. मी ऐकला होता. पाना निसटला, नडगी फुटली आणि नटाचे कोपरे असे गेले की पुढचे दोन तास त्या एका नटात गेले. बाकीचे चार नट मिळून दहा मिनिटांत निघाले होते.

आधी साधा हिशेब बघा. बहुतेक कारच्या चाकांचे नट ८० ते १४० न्यूटन-मीटर (पिळण्याच्या जोराचं, म्हणजे टॉर्कचं माप) इतके आवळायचे असतात. ७० किलो वजनाचा माणूस अर्धा मीटर लांब पान्याच्या टोकावर नुसता उभा राहिला, तरी नटावर साधारण ३४० न्यूटन-मीटर पडतात. एवढं होऊनही नट हलत नसेल, तर ताकद कमी पडत नाहीये, दुसरंच काहीतरी अडलंय. ते काय आहे हे बघायच्या आत उडी मारली की नट गोल होतो, नाहीतर स्टड (नट ज्यावर चढतो ती आट्यांची खुंटी) तुटतो.

तयारी

सपाट, टणक जागा. हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये, तिरक्या कोपऱ्यातल्या चाकाखाली ठोकळा किंवा दगड. चाक जमिनीवरच राहू द्या. जॅक लावून नट सोडवायला गेलात तर चाक फिरेल आणि जोर वाढवलात तर गाडी जॅकवरून घसरेल. नट सैल होईपर्यंत जॅक डिकीतच असू दे.

दिशा घड्याळाच्या काट्यांच्या उलट. पान्याचा दांडा डावीकडे आडवा ठेवा आणि खाली दाबा. १९६०च्या दशकातल्या क्रायस्लरच्या बऱ्याच गाड्यांना आणि काही ट्रकांना डाव्या बाजूच्या चाकांवर उलटे आटे असत. तुमची गाडी जुनी असेल तर स्टडच्या टोकावर इंग्रजी ‘एल’ कोरलेला आहे का ते आधी बघा. तसं असेल तर इतका वेळ तुम्ही नट आवळतच होतात.

सॉकेट नीट बसतंय का?

माझ्या मते निम्मे नट इथेच वाया जातात. गाडीबरोबर येणारा एल आकाराचा पाना जाम नटासाठी वापरू नका. त्याचा दांडा आखूड असतो आणि तोंड लवकर फाकतं. सहा कोनी सॉकेट (दांड्याला लावायची, नटावर चढणारी वाटी) घ्या. बारा कोनी सॉकेट नटावर चटकन चढतं, पण ते कोपऱ्यांच्या अगदी टोकाशी धरतं, आणि गंजलेल्या नटाचे कोपरे आधीच झिजलेले असतात. सहा कोनी सॉकेट सपाट बाजूंवर दाब टाकतं.

नटाभोवतीची माती, चिखल तारेच्या ब्रशने काढा. सॉकेट चढवा आणि तळाला टेकेपर्यंत हातोडीने दोन हलके ठोके द्या. मग ते बोटांनी डावी-उजवीकडे हलवून बघा. जाणवण्याइतकं खेळत असेल तर माप चुकलंय. कारच्या नटांची नेहमीची मापं १७, १९ आणि २१ मिलिमीटर. ‘जवळपास बसतंय’ एवढ्यावर समाधान मानू नका.

कधी कधी १९चं सॉकेट चढतच नाही आणि २०चं सैल पडतं. असा नट बहुधा चकचकीत टोपीवाला असतो. आत पोलादी नट, वर पातळ पत्र्याची टोपी. दोहोंच्या मध्ये पाणी शिरतं, आतलं लोखंड गंजतं, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापत असल्यामुळे टोपी फुगते. यासाठी साडेएकोणीसचं सॉकेट मिळतं. ते नसेल तर १९चं ठोकून बसवा. असले नट निघाले की परत लावू नका, अखंड धातूचे नवे घ्या. पुढच्या वेळी ते आणखी फुगलेले असतील.

तेल

तेल मारा, पण ते कुठे जातंय ते बघा. नटाचं तोंड उघडं असेल आणि स्टडचं टोक दिसत असेल, तर टोकावर मारलेलं तेल आट्यांत उतरतं. नट टोपीसारखा बंद असेल तर वरून कितीही फवारा, आट्यांपर्यंत थेंबही जात नाही. तिथे नट रिमला टेकतो त्या फटीत मारा. पोलादी नट आणि ॲल्युमिनियमचा रिम यांच्यामध्ये गंज तिथेही धरतो, त्यामुळे त्याचा उपयोग होतो.

डब्ल्यूडी-४० घरोघरी असतं म्हणून सगळे तेच मारतात. १९५३ साली ते तयार झालं ते धातूवरचं पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. नावातलं ‘डब्ल्यूडी’ म्हणजे पाणी हटवणं आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयोग. हाताशी दुसरं काही नसेल तर चालेल, पण मुरलेल्या गंजासाठी मुद्दाम बनवलेलं, आत झिरपणारं तेल वेगळं मिळतं, ते आणा. मारल्यावर दोन मिनिटांत पाना लावू नका. किमान २० मिनिटं द्या, मधून नटाच्या डोक्यावर हातोडीने टकटक करा, परत मारा. घाई नसेल तर रात्रभर ठेवा. ब्रेकच्या डिस्कवर आणि पॅडवर तेल उडू देऊ नका. खाली फडकं धरा.

काही गाड्यांना नटांऐवजी बोल्ट असतात. त्यांचे आटे हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाच्या) आत असल्यामुळे समोरून तेल पोचत नाही. तिथे पुढचा टप्पा दुप्पट सावकाश करा.

खरा टप्पा: पहिली हालचाल

लांब दांडा घ्या. ६० सेंटिमीटरचा ब्रेकर बार (सॉकेट लावायचा लांब, साधा दांडा) सगळ्यांत उत्तम. नसेल तर पान्यावर लोखंडी पाइप चढवा. रॅचेटवर (एकाच दिशेने पकडणाऱ्या दातेरी पान्यावर) पाइप चढवू नका, आतले दाते तुटतात. लांबी हवी ती सावकाश दाबता यावं म्हणून. आखूड पान्यावर माणूस हिसके देतो आणि हिसक्यातच सॉकेट उडतं.

एकच नट अडला असेल तर बाकीचे नट सोडवून ठेवू नका. सैल केले असतील तर परत आवळा. हे मला फार उशिरा कळलं. चार नट सैल केले की रिम हबवर दाबून धरण्याचा सगळा भार त्या पाचव्यावर येतो, आणि आधीच अडलेला नट आणखी घट्ट धरला जातो. शेजारचे आवळले की त्याचा भार हलका होतो. एवढ्यावरच सुटलेले नट मी पाहिले आहेत.

आता नट थोडा आवळण्याच्या दिशेने ढकला. थोडाच, जेमतेम हलेल इतका. गंजाची पकड कुठल्याही दिशेने मोडली तरी चालते. हललाच नाही तर तिथे जोर वाढवू नका, सोडवण्याच्या दिशेकडे या.

सॉकेटवर आणि त्याच्या शेजारी रिमवर मिळून खडूची एक सरळ रेघ मारा. एका हाताने सॉकेटची मागची बाजू नटाकडे दाबून धरा, नाहीतर दांडा खाली जाताना सॉकेट तिरकं होतं आणि नटाच्या टोकावर येतं. खोल रिममुळे एक्स्टेन्शन (सॉकेट आणि दांडा यांच्यामधला जोडदांडा) लावावं लागलं असेल तर त्याच्या बाहेरच्या टोकाखाली जॅक स्टँड ठेवून आधार द्या. हाताने ते पेलत नाही.

मग दाबा. हिसका नाही, उडी नाही. दांड्यावर वजन हळूहळू वाढवत न्या आणि दहा-पंधरा सेकंद तसंच धरून ठेवा. पायाने दाबायचं तर एक पाय जमिनीवर घट्ट हवा, हात गाडीच्या छतावर, आणि दांडा निसटला तर पाय कुठे जाईल याचा विचार आधीच केलेला हवा.

आता कान आणि हात जागे ठेवा. नट सुटतो तेव्हा आवाज येतो: कोरडा ‘टक्’ किंवा गंजक्या बिजागरीसारखा ‘कर्रर्’. रेघ तुटते आणि जोर काढला तरी तुटलेलीच राहते. हे झालं की काम जमलं. पण कधी दांडा मऊपणे, जाड रबर ताणल्यासारखा पुढे जातो, आवाज काहीच येत नाही, आणि सोडला की रेघ परत जुळते. तेव्हा नट हललेला नसतो, दांडा लवलेला असतो किंवा स्टड पिळला जात असतो. तिथे थांबा. मी थांबलो नव्हतो. मला वाटलं नट येतोय, अजून थोडं दाबलं, आणि १२ मिलिमीटरचा स्टड नटासकट हातात आला. परत तेल, परत टकटक, अर्धा तास वाट, मग पुन्हा दाब. तीन-चार फेऱ्या लागल्या तरी चालेल.

‘कर्रर्’ आवाज आला म्हणून आनंदाने गरागरा फिरवू नका. पाव फेरा सोडवा, तेल मारा, अर्धवट परत आवळा, पुन्हा सोडवा. सुटलेला गंज आट्यांत अडकतो, आणि एका दमात फिरवलं तर आटे एकमेकांना खातात आणि अर्ध्यावर नट कायमचा बसतो. नट मोकळा फिरू लागला की मगच जॅक लावा.

नट गोल झालाच तर

तेच सॉकेट लावून पुन्हा प्रयत्न करू नका, उरलेली कडही जाईल. नट काढण्याचं एक्स्ट्रॅक्टर सॉकेट मिळतं. त्याच्या आत उलट्या पिळाच्या धारा असतात, जितकं फिरवाल तितक्या त्या नटात रुततात. नटावर जेमतेम चढेल असं माप निवडा, डोळ्यांवर गॉगल लावा आणि हातोड्याने ठोकून पूर्ण बसवा. ब्रेकर बारने सावकाश फिरवा. नट बाहेर आला की एक्स्ट्रॅक्टरच्या मागच्या चौकोनी भोकातून पंच घालून तो ठोकून काढा.

एक्स्ट्रॅक्टर नसेल तर एक माप लहान, जुनं, टाकाऊ सॉकेट ठोकून बसवा. १९च्या नटावर १८चं. चांगलं सॉकेट यात घालवू नका. ठोके बेताचे द्या, घण घेऊ नका. प्रत्येक ठोका मागे बेअरिंगपर्यंत पोचतो. चोरी रोखणाऱ्या नटाची चावी हरवली असेल तरी बऱ्याचदा हाच उपाय चालतो. त्याच्याभोवती फिरणारी सैल कडी असेल तर मात्र सॉकेट कडीवरच फिरत राहतं. तो नट गॅरेजवाल्याकडे द्या.

छिन्नीने नट फिरवण्याच्या फंदात पडू नका. अलॉय रिमवर एकदा छिन्नी घसरली की ती खूण जन्मभर राहते.

आग नको

नट तापवला की सुटतो, हे खरं आहे. म्हणूनच लोक गॅसची ज्योत घेऊन बसतात. टायर चढवलेल्या चाकावर हे करू नका, कुणी कितीही अनुभवाने सांगितलं तरी. रिम तापला की टायरचं रबर आतून विघटित होऊन ज्वलनशील वायू तयार होतात आणि टायरचा स्फोट होतो. अशाने माणसं मेली आहेत. ज्योत विझवल्यानंतर काही वेळानेही हा स्फोट होऊ शकतो. शिवाय नुकतंच मारलेलं तेल पेट घेतं, अलॉय रिमची ताकद जाते, बेअरिंगचं ग्रीस वितळतं. इथवर येऊनही नट सुटला नाही तर तो गॅरेजमध्ये न्या. ते गोल नटावर दुसरा नट वेल्ड करायचा विचार करत असतील, तर आधी टायर रिमवरून उतरवायला लावा.

चाक परत लावताना

नट निघाले पण चाक हबला चिकटलंय? गाडी जॅकवर ठेवून लाथा मारू नका. दोन-तीन नट दोन फेरे सैल अवस्थेत परत लावा, चाक जमिनीवर टेकवा, गाडी हाताने हलवा. सुटतं.

स्टड तुटला असेल तर नवा बसवल्याशिवाय प्रवास नको. चार स्टडच्या चाकात एक गेला म्हणजे पाव पकड गेली.

आटे तारेच्या ब्रशने साफ करा. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नका. ओल्या आट्यांवर तेवढ्याच टॉर्कला स्टड कितीतरी जास्त ताणला जातो, कारण गाडीच्या पुस्तकातला आकडा कोरड्या आट्यांसाठी असतो. ग्रीस लावायचंच असेल तर हबच्या मधल्या गोल उंचवट्यावर, बोटाने पुसल्यासारखं पातळ.

प्रत्येक नट आधी हाताने तीन-चार फेरे चढवा, मग समोरासमोरच्या क्रमाने आवळा आणि शेवट टॉर्क रेंचने (ठरवलेला टॉर्क झाला की कळवणाऱ्या पान्याने) करा. इम्पॅक्ट गनने (पंक्चरवाल्यांकडच्या, ठोके देत नट फिरवणाऱ्या यंत्राने) शेवट करू देऊ नका. मी सोडवलेल्या जाम नटांतले बरेचसे गंजाने नव्हे, गनने जाम झालेले होते. पंक्चर काढून घेताना बाजूला उभे राहा आणि शेवटचं आवळणं हाताने करायला सांगा, किंवा घरी येऊन नट सैल करून पुस्तकातल्या आकड्याला स्वतः आवळा. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर टॉर्क रेंच पुन्हा एकदा प्रत्येक नटावर लावा. रिम बसताना एखादा नट थोडा सैल पडलेला असतो.