घरातले किडे, कोळी आणि झुरळं: कोणी काय करायचं हे कसं ठरवावं

झुरळ समोर आल्यावर "कोण मारणार?" ही चर्चा सुरू करू नका. अशा वेळी जो सगळ्यात कमी ओरडतो त्याच्या गळ्यात ते काम पडतं, आणि एकदा पडलं की कायमचं. मी शाळेत असताना एकदा एक कोळी कागदावर घेऊन खिडकीबाहेर सोडला. त्या दिवसापासून घरात निघणारा सहा, आठ किंवा त्याहून जास्त पायांचा प्रत्येक जीव माझ्या नावावर लागला. मला झुरळाची शिसारी येते का, हे कोणी विचारलंच नाही. "तुला काय, तू घाबरत नाहीस," हे वाक्य ऐकायला कौतुकासारखं वाटतं, पण असतो तो हुकूम.

म्हणून वाटणी करायची ती घरात सगळं शांत असताना. सगळे एकत्र बसा, अर्धा तास पुरे होतो.

१. कोणाला काय झेपतं, ते विचारा

गेल्या वर्षभरात घरात काय काय निघालं ते कागदावर लिहा. झुरळं, मुंग्या, डास, कोळी, दिव्याभोवती फिरणारे पतंग, धान्यातले पोरकिडे, पुस्तकांतली कसर, एखादी गोम, चुकून आत शिरलेली गांधीलमाशी. पाल काही कीटक नव्हे, आणि खरं तर कोळीही कीटक नव्हे. कोळ्याला आठ पाय असतात आणि शरीराचे भाग दोनच. पण ज्याला पालीची धास्ती आहे त्याला प्राणिशास्त्र शिकवत बसू नका. यादीत घ्या.

आता प्रत्येकाने प्रत्येक नावापुढे तीनपैकी एक उत्तर लिहायचं: "करेन", "दुसरं कोणी नसेल तर करेन", "जमणार नाही". कारण सांगायची सक्ती नको आणि थट्टा तर मुळीच नको. एकदा कोणी हसलं की पुढची सगळी उत्तरं खोटी येतात.

इथे भीती आणि किळस वेगळ्या काढा. भीती वाटणारा माणूस त्या खोलीत उभाच राहू शकत नाही. किळस येणाऱ्याला हातमोजे आणि लांब दांड्याचा झाडू दिला की तो तोंड वाकडं करून का होईना, काम उरकतो. माझ्या बहिणीला कोळी म्हटला की घाम फुटतो, पण झुरळ ती चप्पल काढून सरळ उडवते. माझं नेमकं उलटं. एकाच छताखाली राहून हे आम्हाला कळायला वीस वर्षं लागली.

तब्येतीचाही एक रकाना ठेवा. डंखाची अ‍ॅलर्जी असलेला माणूस कितीही धीट असला तरी त्याच्याकडे गांधीलमाशी द्यायची नाही. झुरळांची विष्ठा आणि त्यांच्या अंगाचे बारीक तुकडे यांनी दमा बळावू शकतो, तेव्हा दमेकऱ्याला ओट्याखालची सफाई आणि फवारणी या दोन्हींतून सूट.

२. काम एक नाही, पाच आहेत

बहुतेक घरांत वाटणी फसते ती इथे. "किडे कोण बघणार?" असं विचारलं की डोळ्यांपुढे फक्त पकडणं किंवा मारणं येतं. नीट पाहिलं तर आधी कोणीतरी नजर ठेवावी लागते, मग पकडायचं, मग बाहेर नेऊन सोडायचं किंवा टाकायचं, जागा पुसायची, आणि तो पुन्हा येऊ नये याची तजवीज करायची. ज्याला पकडणं जमत नाही त्याला उरलेल्या चारांतलं काहीतरी नक्की जमतं.

यातलं शेवटचं काम सगळ्यात मोठं असतं आणि त्याला कोणी टाळी वाजवत नाही. रात्री ओटा कोरडा करणं, कचरा बाहेर काढणं, सांडपाण्याच्या जाळीवर झाकण ठेवणं, दाराखालची फट बुजवणं, धान्याचे डबे घट्ट लावणं. डासांचं पाहा. कोमट हवेत अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. म्हणून कुंड्यांखालच्या ताटल्या, बादल्या, कूलर हे सगळं आठवड्यातून एकदा रिकामं केलं तर ती साखळी तुटते. नुसतं पाणी ओतून भागत नाही, भांडं आतून घासावं लागतं, कारण डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी पाण्याच्या रेषेपाशी चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही काही महिने टिकतात. हे काम करताना एकही कीटक अंगावर येत नाही. कोळी पाहून किंचाळणाऱ्याला ते बिनदिक्कत देता येतं, आणि माझ्या मते द्यायलाच हवं. वर्षाला चार कोळी पकडणाऱ्यापेक्षा दर आठवड्याला भांडी घासणारा जास्त राबतो, हेही एकदा मोजून घ्या.

३. मारायचं की सोडायचं, ते आधीच ठरवा

एकाने जपून भांड्याखाली झाकून ठेवलेला कोळी दुसऱ्याने येऊन चिरडला, यावरून आमच्याकडे एक अख्खी संध्याकाळ अबोला झाला होता. त्यामुळे नियम प्रत्येक जिवाचा वेगळा, आणि तो घरातल्या सगळ्यांना माहीत असलेला.

माझा नियम असा. कोळी मारायचा नाही. जगात कोळ्यांच्या ५०,००० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि माणसाला खरा धोका असलेल्या त्यांतल्या अगदी मोजक्या. लांब काडीसारख्या पायांचा, हात लावल्यावर जाळ्यात गदागदा हलणारा कोळी छताच्या कोपऱ्यात असेल तर असू द्या. फक्त जुनी जळमटं झाडा. उष्ण हवेतल्या घरांत भिंतीला चपटी चिकटून बसणारी, तळहाताएवढी दिसणारी तपकिरी कोळीण जाळं विणतच नाही. रात्री फिरून झुरळं खाते. तिने पोटाखाली पांढुरकी गोल चकती धरली असेल तर ती अंड्यांची पिशवी आहे. तिला चप्पल मारायला जाऊ नका. मात्र घरातल्या कोणाला ती दिसली की झोप येत नसेल, तर "अगं, ती उपयोगी आहे" हे व्याख्यान थांबवा आणि तिला बाहेर न्या. तुमच्या भागात विषारी कोळी आढळत असतील तर ते दिसतात कसे, हे घरातल्या प्रत्येकाला आधीच दाखवून ठेवा.

झुरळ सोडायचं नाही. मुंग्यांना बाहेर काढायचं, पण एकेक मारत बसायचं नाही. त्या गंधाच्या वाटेने चालतात, ती वाट साबणाच्या पाण्याने पुसली की रांग विस्कटते. पतंग आला तर दिवा मालवा. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं, की उडणारे कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवू पाहतात आणि म्हणून दिव्याभोवती गिरक्या घेत अडकतात. खोलीत अंधार केला आणि बाहेरचा दिवा लावून खिडकी उघडली, तर बिचाऱ्याला वाट सापडते.

४. झुरळं आणि मुंग्या एकाच्याच ताब्यात द्या

कोळ्याचं काम ज्याला जमतं त्याने, जो जवळ असेल त्याने करावं. झुरळांचं तसं चालत नाही. घरात दिसणारं छोटं, फिकट तपकिरी झुरळ बहुधा जर्मन जातीचं असतं. त्याची मादी ३० ते ४० अंड्यांची कुपी फुटायची वेळ येईपर्यंत अंगाशी बाळगते. एक मारलं म्हणून काहीच होत नाही. झुरळं रात्रीची, त्यामुळे ती भर दिवसा दिसू लागली तर फटींमध्ये दाटी झाली आहे असं समजा.

तेव्हा इथे हवी ती योजना, शौर्य नको. आणि योजना दोघांच्या हातात गेली की बिघडते. एक जण कपाटाच्या बिजागऱ्यांपाशी झुरळं मारायच्या विषारी जेलचे ठिपके लावतो. झुरळ ते खाऊन बिळात मरतं, त्याची विष्ठा आणि मढं खाऊन बाकीचीही मरतात. युक्ती नामी आहे. दुसरा त्याच कोपऱ्यात उत्साहाने फवारा मारतो, मग त्या वासाने झुरळं जेलकडे फिरकतच नाहीत. मुंग्यांचंही तेच. कोणी गोड आमिष ठेवलेलं असतं आणि कोणी त्याकडे जाणारी रांगच पुसून टाकतं. म्हणून झुरळ आणि मुंगी ही खाती एकेका माणसाची. त्याला न विचारता कोणी काही फवारायचं नाही. सहा महिन्यांनी खातेबदल करा.

फवाऱ्याबद्दल एक सांगतो: डब्यावर पर्मेथ्रिन लिहिलेलं असेल आणि घरात मांजर असेल तर तो डबा आणूच नका, मांजराला ते विष आहे. त्या गटातली औषधं माशांनाही मारतात, तेव्हा मासे ठेवलेली काचपेटी असलेल्या खोलीत फवारणी नको.

५. अवजारं एका जागी ठेवा आणि पकडणं दोघांना शिकवा

रुंद तोंडाचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा, गुळगुळीत पुठ्ठा, टॉर्च, लांब चिमटा, हातमोजे, एक टाकाऊ चप्पल. सगळं एका पिशवीत आणि पिशवी हाताशी. पुठ्ठा शोधायला गेलं की कोळी गेलाच म्हणून समजा.

कोळी पकडताना डबा वरून हळू आणायचा, मध्ये थांबायचं नाही. काठाखाली पाय येणार नाही एवढा तो मोठा हवा. मग पुठ्ठा भिंतीला घासत आत सरकवायचा; कोळी आपोआप त्यावर चढतो. डबा आणि पुठ्ठा एकत्र दाबून धरायचे आणि दाराबाहेर चार पावलं जाऊन, झाडाझुडपापाशी आडवे ठेवून बाजूला व्हायचं. उंबरठ्यावर सोडलात तर तो परत येतो आणि लोक म्हणतात, हा दुसरा आहे.

झुरळाला हे धीमेपण चालत नाही. त्याच्या शेपटाकडे दोन काट्यांवर बारीक केस असतात, ते हवेची झुळूक टिपतात. चप्पल उगारली की तिच्यापुढची हवा आधी पोचते आणि झुरळ पळतं. म्हणून ते ज्या दिशेने निघेल तिकडे, वीतभर पुढे मारायचं. नाहीतर साबणाचं पाणी ओता. श्वासाची छिद्रं बंद होऊन ते जागीच थंड पडतं.

गोम चिमट्याने उचला, हाताने कधीच नाही. तिचा चावा चांगलाच झोंबतो. गोल वेटोळं करून पडणारा पैसा किडा चावत नाही, तरी कागदावरच घ्या, काहींच्या अंगातून निघणाऱ्या द्रवाने कातडी जळजळते.

६. घरातला माणूस नको, तिथे बाहेरचा

गांधीलमाश्यांचं किंवा मधमाश्यांचं पोळं, लाकडातली वाळवी, गादीत शिरलेले ढेकूण: यांत "करेन" म्हणणाऱ्या धीट माणसालाही अडवा. विंचू दिसला तर लहान मुलांना आणि जनावरांना त्या खोलीतून काढा आणि अनुभवी माणसाला बोलवा. कोणाला डंख झाल्यावर ओठ-चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर घरगुती उपाय करत न बसता सरळ दवाखाना गाठायचा. या कामातला वाटा म्हणजे फोन करणं. त्यालाही नाव लावून ठेवा, कारण "मला वाटलं तू केलास" हे ढेकणांना फार मानवतं.

७. रात्रीचे आणि एकटेपणाचे नियम

झोपलेल्या माणसाला कशासाठी उठवायचं? आमच्याकडे असं ठरलं आहे: अंथरुणात किंवा पाळण्यात काही असेल, किंवा डंख करणारं असेल तर उठवायचं. बाथरूममधल्या झुरळासाठी नाही. दार लावून घ्यायचं आणि सकाळी सांगायचं. ज्याला "जमणार नाही" त्यालाही एक गोष्ट यायलाच हवी: डबा उपडा घालून वर जाडजूड पुस्तक ठेवणं. बाकीचं नंतर कोणीतरी बघेल. एकटं राहणाऱ्यांनी हाच उपाय आधी शिकावा, आणि शेजारच्या एखाद्याशी बोलून ठेवावं. बदल्यात त्याच्या कुंड्यांना पाणी घाला.

मुलांना मुंग्यांची वाट पुसणं, टॉर्च धरणं अशी कामं द्या. मोठे ज्याला पाहून खुर्चीवर चढतात त्याला मुलंही घाबरायला शिकतात. पण ज्याची भीती इतकी आहे की तो खोल्या टाळतो, झोपत नाही, त्याच्या हातात बळजबरीने डबा देऊ नका. ही भीती मानसोपचाराने, पायरीपायरीने कमी करता येते: आधी चित्र, मग लांबून, मग जवळून, आणि तेही त्याच्या गतीने.

पकडताना तो निसटला, तर? निसटतोच अधूनमधून. तेव्हा खोटं बोलायचं नाही. "गेला बहुतेक" हे आमच्याकडे चालत नाही. "कपाटाच्या मागे, डावीकडे, खालून दुसऱ्या फटीत" असं सांगायचं आणि त्या रात्री त्या खोलीत सांगणाऱ्याने झोपायचं.